अध्यक्षांना मत नसते

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंद्याने भट्टीवरचा कामगार आणि सवयीने वक्ता, हा कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, की काही पाजलेले नाही. यात जे चुकीचे असेल ते सर्वस्वी माझे आहे. यापूर्वी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले लिहिताना मला फार आशा होती, दुसरे लिहिताना फार राग होता. आता दोन्हींपैकी काहीच शिल्लक नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या युनियनचे जुने वकील करतील. मसुदा वाचून ते म्हणाले, "तोफ, हे मृत्युपत्र आहे, सभा नव्हे. आटप." तोफ हे मला कारखान्यात पडलेले नाव. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि अजून मी मेलेलो नाही. तोवर त्यांनी सोसावे.

कलम पहिले. माझ्या देहाविषयी. तो लवकरात लवकर आणि कमीत कमी माणसांत जाळावा. माझ्यापुढे उभे राहून कोणीही बोलू नये. 'दोन शब्द' म्हणून उठणाऱ्याला दोन तास लागतात, हे मला ठाऊक आहे, कारण तो उठणारा आयुष्यभर मीच होतो. युनियनचा सध्याचा चिटणीस अडून बसला, तर त्याला हे कलम दाखवावे. तरी ऐकला नाही, तर ज्या संपात तो आजारी पडला होता त्या संपाची त्याला माझ्या वतीने आठवण द्यावी. त्याचा आवाज आपोआप बसेल.

कलम दुसरे. पुस्तके. बाहेरच्या खोलीतली सगळी पुस्तके वाचनालयाला द्यावीत. समासांत पेन्सिलीने जागोजागी मी लेखकाशी भांडलो आहे. ग्रंथपालबाई ते खोडायला सांगतील. त्यांनी खुशाल खोडावे. माझ्या स्वतःच्या भाषणांच्या वह्या मात्र वाचनालयाला देऊ नयेत, कोणालाच देऊ नयेत. त्या रद्दीत घालाव्यात. माणसाला बोलून जिंकता येते हे पुढच्या पिढीला कोणीतरी शिकवीलच. ते मी शिकवले असे व्हायला नको.

कलम तिसरे. हत्यारे. मी एकतीस वर्षे आंघोळीचे टब बनवले. ओतीव लोखंडाचा टब भट्टीतून लालभडक बाहेर निघाला, की लांब दांड्याच्या चाळणीने त्यावर काचेची भुकटी पेरायची. भुकटी लोखंडाला लागताच वितळते आणि पांढरीशुभ्र साय धरते. हात थरथरला तर साय फाटते. माझा हात कधी थरथरला नाही, हे मी गर्वाने लिहीत नाही. पुढे त्याचा संबंध येतो. ती चाळणी, तोंडावरचा मुखवटा आणि हातमोजे माझ्या भट्टीवरच्या जोडीदाराला द्यावेत. त्याला आम्ही फुंकर म्हणायचो, कारण तो चहासुद्धा भट्टीसारखा फुंकायचा. आता त्याला तेवढाही दम पुरत नाही. त्याने चाळणी भिंतीला टांगावी, किंवा विकावी.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तपासनिसाने एक टब नापास केला. काठावर नखाएवढा टवका होता. नापास माल कामगारांना मिळायचा. आठ जणांनी तो टब रस्त्यापासून माझ्या दारापर्यंतच्या सव्वीस पायऱ्या चढवला, भिंत फोडून आत घेतला आणि भिंत पुन्हा बांधली. फुंकर तेव्हा म्हणाला होता, "वहिनी, आता हा तुमच्याआधी काही बाहेर जात नाही."

कलम चौथे. शिवणयंत्र. ते माझ्या पत्नीचे आहे आणि त्यावर माझा हक्क नाही, तरी कायद्याने आता ते माझ्याकडे आले आहे म्हणून लिहितो. ते तिच्याबरोबर काम करणाऱ्या काजेवालीला द्यावे. पत्नी शर्ट शिवायची, काजेवाली त्याला काजे करायची. दोघी दिवसभर बोलायच्या आणि मी घरात शिरलो की थांबायच्या. काय बोलायच्या, हे मी कधी विचारले नाही. मला वाटायचे, बायकांच्या गप्पा.

पन्नाशीच्या आत पत्नीला संधिवात जडला. सकाळी उठली की हाताच्या मुठी मिटलेल्या असत. ती त्या उशीवर ठेवून बसायची, जणू कोणाच्या तरी वस्तू आपल्याकडे ठेवायला दिल्या आहेत. मग मी टब भरायचो. कढत पाण्यात ती अर्धा तास मानेपर्यंत बसायची आणि एकेक बोट उघडायचे. आधी करंगळी, शेवटी अंगठा. बाहेर येऊन ती सुईत दोरा ओवायची आणि मला दाखवायची. "बघा, पास." तपासनिसाने नापास केलेल्या टबातून ती रोज सकाळी पास होऊन निघायची. वीस वर्षे हे असे चालले. डॉक्टरांनी औषधे बदलली. टब बदलला नाही.

कलम पाचवे. घरातल्या सभांच्या वह्या. आमच्या घरात निर्णय सभेत व्हायचे. ही माझी कल्पना. बापाने हुकूम सोडायचा आणि पोराबाळांनी मान तुकवायची, हे मला मान्य नव्हते. कारखान्यात मी मालकाकडे जे मागत होतो ते घरात न देणे म्हणजे ढोंग. म्हणून मुले लिहायला शिकल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सभा. प्रस्ताव, अनुमोदन, चर्चा, हात वर. अध्यक्षाने सभा चालवायची, चर्चेत भाग घ्यायचा नाही. मत फक्त समसमान झाल्यास द्यायचे. इतिवृत्त मुलगी लिहायची. शाळा कुठली, सायकल कोणाला, भिंतीला रंग कोणता, सगळे सभेत ठरले. शेजारी हसायचे. "काय हो तोफ, आज घरात कोणतं सरकार?" मी छाती फुगवून सांगायचो की या गल्लीत लोकशाही फक्त माझ्या घरात आहे.

या वह्या एकूण अकरा आहेत. त्या मुलाला द्याव्यात. का, ते नवव्या कलमात.

कलम सहावे. घरांचा दलाल. त्याला मी काही देत नाही, शिव्यासुद्धा नाही. तो त्याच्या धंद्याला जागला.

पाच वर्षांपूर्वी मुलाने सुचवले की सव्वीस पायऱ्यांचे हे घर विकून आम्ही त्याच्या शहरात तळमजल्यावर यावे. आईला पायऱ्या झेपत नव्हत्या. सूचना चांगली होती, मनापासून होती. दलाल आला, पायांत पांढरे बूट, कमरेची मोजपट्टी काढून खोल्या मोजल्या, आणि न्हाणीघराच्या दारात थबकला.

"काका, घर झकास आहे. पण इथे आलं की गिऱ्हाइकाचा चेहराच पडणार. एवढा मोठा लोखंडी टब! आता शॉवरचा जमाना आहे. काचेची भिंत, वरून पावसासारखं पाणी. टब काढा, जागा मोकळी दिसेल, भाव चढेल."

"आणि आम्ही कुठे बसायचं?" पत्नीने विचारले.

दलाल हसला. "काकू, तुम्ही तर जाणारच आहात ना!"

आम्हीही हसलो. तीही हसली.

त्या रविवारी सभा झाली. मुलगा आणि मुलगी दोघेही मुद्दाम आले. प्रस्ताव मी मांडला: घराच्या विक्रीमूल्याचा विचार करता न्हाणीघरातील टब काढून त्या जागी शॉवर बसवावा. मुलाने अनुमोदन दिले. विषय पत्नीच्या जिव्हाळ्याचा, म्हणून अध्यक्षपदाचा मान मी तिला दिला.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांचे आखडलेले सांधे रोज हातात घेते. ती उठून म्हणाली, "बाबा, घरात बाथरूम एकच आहे. एकुलता एक टब काढलात तर लहान मूल असलेलं कुटुंब दारातूनच परत जाईल. तान्ह्या बाळाला शॉवरखाली उभं करतात का कुणी? आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. आज इथे राहतंय कोण?"

मुद्दा बिनतोड होता. पण मी तोफ होतो. मी उठलो. पाण्याची नासाडी मांडली. टबाचा उंच काठ ओलांडताना म्हातारी माणसे कशी पडतात ते मांडले, आणि उदाहरण म्हणून अध्यक्षांचाच पाय दाखवला. भूतकाळाला कवटाळणाऱ्या समाजांची काय गत झाली ते सांगितले. दोन ग्रंथांतले उतारे तोंडपाठ म्हटले. शेवटी म्हणालो, "टब हा काल आहे. शॉवर हा उद्या आहे. या घराने कोणत्या बाजूला उभं राहायचं ते ठरवा!" मुलाने टाळ्या वाजवल्या. एका आंघोळीसाठी मी एवढे बोललो.

मुलगी म्हणाली, "आईला बोलू दे."

मी हरकतीचा मुद्दा उपस्थित केला. "अध्यक्षांना चर्चेत भाग घेता येत नाही."

सगळे हसले. तिनेही टेबलावर वाटी आपटून हसत हसत शांततेचा हुकूम दिला. दोन विरुद्ध एक मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. समसमान झाले नव्हते, त्यामुळे अध्यक्षांच्या मताची गरज पडली नाही. इतिवृत्तात मुलीच्या अक्षरात शेवटची ओळ आहे: "अध्यक्षांनी नियम बाजूला ठेवून विचारले, नव्याचे पाणी कढत येईल ना? प्रस्तावकांनी आश्वासन दिले."

कलम सातवे. मोठा हातोडा. तो फरशीच्या मिस्त्रीचा आहे, माझ्या माळ्यावर राहिला आहे. त्याला परत करावा.

टब दारातून निघेना. फुंकर बरोबर बोलला होता. मिस्त्रीने दहा-बारा घाव घातले, टब नुसता घंटेसारखा वाजला. "काका, हा जन्मभर फुटत नाही. राहू द्या, वर लाकडी फळी टाकून झाकून टाकू."

तो देवासारखा माणूस मला वाट करून देत होता. मी त्याच्या हातातून हातोडा घेतला. ओतीव लोखंड कुठे फुटते हे मला ठाऊक होते. मी ते शिकवायचो. पाणी जायच्या भोकापासून चार बोटे वर, तिरका घाव. सातव्या घावाला टब उभा चिरला. हात थरथरला नाही.

पत्नी बाहेरच्या खोलीत यंत्रापाशी बसली होती. यंत्र थांबवून तिने विचारले, "झालं का?"

"झालं."

"बरं," ती म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. तिने शिवलेला तो शेवटचा शर्ट.

कलम आठवे. न्हाणीघरातील काचेची भिंत, शॉवर, आधाराचा दांडा आणि प्लास्टिकचे स्टूल. या वस्तूंचे काय करायचे हे मला सुचत नाही. वकीलसाहेबांनी ठरवावे.

पाणी कढत यायचे, मी खोटे आश्वासन दिले नव्हते. पण वरून पडणारे पाणी माणसापाशी थांबत नाही. खांद्याला लागते आणि निघून जाते. ती स्टुलावर बसायची, दांडा धरायची, आणि दांडा धरलेली बोटे दांड्यावरच आखडायची. मी बाहेरून विचारायचो, "उघडली का?" ती म्हणायची, "उघडतील." मी बादलीत हात बुडवून बसवले, गरम पाण्याच्या पिशव्या केल्या, मुलीने दाखवलेले व्यायाम करून घेतले. संपूर्ण अंगाला मिळत होते ते हाताला वेगळे काढून देता येत नाही. दोन महिन्यांत तिने दोरा ओवायचा सोडला. काजेवाली यायची, समोर बसायची, पण काम नसल्यामुळे दोघींचे बोलणेही हळूहळू आटले.

गिऱ्हाइके येत होती. चौथे की पाचवे जोडपे होते. बाईच्या छातीशी पट्ट्याने बांधलेले पाच-सहा महिन्यांचे बाळ. न्हाणीघरात डोकावून ती म्हणाली, "अय्या, टब नाही? आम्हाला टबवालंच हवं होतं, ह्याच्यासाठी."

दलालाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "बसवता येईल की मॅडम! जागा केवढी आहे बघा."

मी पत्नीकडे पाहिले नाही. मग पाहिले. तिने बाळाच्या मुठीत आपले आखडलेले बोट सरकवले होते. बाळाची मूठ उघडत होती, मिटत होती, उघडत होती, आणि ती ते फार लक्ष देऊन बघत होती.

ते जोडपे परत आले नाही. घर विकले गेले नाही. आम्ही कुठेच गेलो नाही. टब फोडल्यापासून तेराव्या महिन्यात ती न्यूमोनियाने गेली. टबामुळे गेली असे मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणत नाहीत, मुलगीसुद्धा म्हणाली नाही. मी एवढेच लिहितो की तिच्या आयुष्याच्या शेवटच्या तेरा महिन्यांत तिला एकदाही बरे वाटले नाही, आणि ते एका अशा माणसाच्या आवडीसाठी, जो कधी आलाच नाही.

ज्यांना घर विकायचे आहे त्यांना सांगतो, आणि वकीलसाहेब, हे खोडू नका. पुढच्या मालकाला काय आवडेल हे विचारून ज्या दिवशी तुम्ही भिंतीला रंग देता, त्या दिवसापासून तुम्ही तुमच्याच घरात भाडेकरू होता. दलालाला आकडा दिसतो, तो त्याचा व्यवसाय आहे. तुम्हाला माणूस दिसायला हवा होता. टब ठेवला तर भाव चढतो की शॉवर बसवला तर, याची उत्तरे मी आता दोन्ही बाजूंनी तासभर देऊ शकतो आणि दोन्ही वेळा टाळ्या घेऊ शकतो. रोज सकाळी त्या पाण्यात कोण उतरते, हा प्रश्न माझ्या भाषणात नव्हता. आयुष्यभर मी गर्जत राहिलो की माणूस बाजारापेक्षा मोठा आहे. बाजार माझ्या दारात पांढरे बूट घालून आला, आणि मी त्याचा प्रस्तावक झालो.

ती जाण्याआधी काही आठवड्यांपूर्वी, एका दुपारी, तिला औषध देताना मी विचारले होते, "त्या सभेत तू काहीच का बोलली नाहीस? मी नियम काढला तो गमतीत. तू अडून बसली असतीस तर?"

तिने गोळी गिळली. "बोलले असते तर तुम्ही मला पटवलं असतंत. आणि तुम्ही पटवलंत की मला खरंच पटतं हो. त्यापेक्षा न पटलेलं राहू दिलं. तेवढं तरी माझं राहिलं."

चाळीस वर्षांत मला कोणीही असे हरवले नव्हते. आणि जिने हरवले तिला त्या विजयाचा काही उपयोग नव्हता.

कलम नववे. मुलगा, आणि बँकेतली शिल्लक. बँकेत जे उरेल ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. वाद घालण्याइतके ते नाही.

मुला, घर विकायची सूचना तुझी होती म्हणून तू स्वतःला दोष देतोस, असे सूनबाई म्हणाली. देऊ नकोस. तू आईच्या पायांचा विचार केलास. मी सगळ्यांना तिच्या हातांचा विसर पाडला.

पण सभांच्या वह्या तुला देत आहे, त्या वाच. ती गेल्यावर मी अकराही वह्या पहिल्या पानापासून वाचल्या. तीनशे बारा सभा. त्यांपैकी दोनशे सत्त्याण्णव सभांत अध्यक्ष तुझी आई. मी दर वेळी मोठ्या मनाने तिला मान देत होतो. उरलेल्या पंधरा सभांत ती एकतर माहेरी होती किंवा आजारी. सत्तावीस वर्षांच्या लोकशाहीत तिचे मत एकदा नोंदले आहे: पडदे निळे की हिरवे, दोन विरुद्ध दोन झाल्यामुळे, कारण त्या दिवशी तुझी आत्या आली होती. तिने निळे म्हटले. मालकाने कामगाराला खुर्चीवर बसवून तोंड बंद करायची ही युक्ती मी भर सभेत उघडी पाडलेली आहे. घरात मला ती दिसली नाही, कारण खुर्ची मी स्वतः पुसून दिली होती.

मागच्या महिन्यात तुझी मुलगी मला फोनवर म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे पण रविवारी सभा असते!" मला आनंद झाला, क्षणभर झाला. मी विचारले, "अध्यक्ष कोण असतं?" ती म्हणाली, "आईच. कायम आई. बाबा म्हणतात, तो मान आहे."

माझ्याकडून तुला मिळायचे ते मिळून गेलेले आहे, हे मला तेव्हा कळले. मृत्युपत्राने ते परत घेता येत नाही. मी वकिलांना विचारले.

कलम दहावे. राहते घर. याच कलमासाठी हा सारा कागद आहे.

आई गेल्यापासून मुलीने या घरात पाऊल ठेवलेले नव्हते. फोन उचलायची, तब्येत विचारायची, ठेवायची. घर तिला द्यावे आणि तिने ते घ्यावे, यापलीकडे मला आता काही नको आहे. तिने घेतले, तर ती कधीतरी या दारातून आत येईल. माझ्यासाठी नव्हे, मी नसेन. तरी येईल.

दोन महिन्यांपूर्वी मी मिस्त्रीला बोलावून नवा टब बसवायचे ठरवले. वरातीमागून घोडे. तो म्हणाला, "बसवतो की काका. पण वापरणार कोण? घराचा भाव चढावा म्हणून म्हणत असाल, तर हल्ली म्हणे पुन्हा टबाला मागणी आहे." मी ते मुलीला फोनवर सांगितले. मग ती म्हणाली, "आता कुणासाठी, बाबा?" टब आणला नाही.

मग या कलमाचे मी चार मसुदे केले. पहिल्यात घर मुलीला, अट अशी की तिने ते विकू नये. दुसऱ्यात, तिने इथे सांध्यांच्या रुग्णांसाठी आईच्या नावाने उपचारकेंद्र काढावे. तिसऱ्यात, तिने निदान वर्षातून एकदा येऊन खिडक्या उघडाव्यात. चौथ्यात अट नव्हती, पण तिने घर का घ्यावे याची चार पाने होती. चारही मसुदे उत्तम होते. चारही प्रस्ताव होते, आणि मत तिला कशातच नव्हते. मी ते फाडले आणि तिला निरोप धाडला की एकदा समोर येऊन सांग, तुला काय हवे; मी मध्ये बोलणार नाही.

परवा रविवारी सकाळी ती आली. सव्वीस पायऱ्या चढून आली, पण बसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. केस पांढरे झाले आहेत तिचे. मला कोणी सांगितले नव्हते.

"बोल," मी म्हणालो. "मी लिहून घेतो."

"मध्ये बोलणार नाही?"

"नाही."

तिने सांगितले ते मी तिच्याच शब्दांत उतरवून घेतले, आणि तेच या मृत्युपत्राचे बंधनकारक कलम आहे. ते असे:

"घर विका. रंग लावू नका, दुरुस्ती करू नका, आहे तसं विका. माझा वाटा मला नको, दादाला द्या. आईच्या नावानं काही उभारू नका. मला या घरातलं काहीही देऊ नका. कारण विचारू नका."

मी शेवटच्या शब्दापर्यंत लिहिले आणि तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरोबर आहे."

माझ्याकडे उत्तर होते. लिहीत असतानाच ते तयार झाले होते, तीन मुद्द्यांचे, चांगले, कदाचित माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. त्याने ती रडली असती, बसली असती, कदाचित घर घ्यायला तयारही झाली असती. मी पेन खाली ठेवले आणि ओठ मिटून बसलो. शब्द दिला होता.

ती चपला घालून उंबऱ्यात थांबली. पाठमोरी. मी मोजले नाही, पण एखाद्या माणसाला सहज बोलता येईल इतका वेळ थांबली. एकदा मान किंचित वळली. मी बोलावे म्हणून ती थांबली होती, की मी बोलतो की काय हे पाहायला, हे मला आजवर ऐकलेल्या कोणत्याही शांततेवरून ठरवता येईना. मी बोललो नाही. मग तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज आला, आणि तो संपला.

या कलमात बदल करण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही. स्वतःलाही नाही.

वरील दहा कलमे मी साक्षीदारांना वाचून दाखवली, कुठेही आवाज न चढवता. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. दोघांपैकी कोणालाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा घड्याळदुरुस्तीवाला (सही)

साक्षीदार दुसरी: शेजारच्या घरातील निवृत्त सुईण (सही)

स्थळ: वर लिहिलेले राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, सकाळी साडेअकरा